ईस्टर नसता तर ख्रिसमसही नसता! ख्रिस्ती श्रद्धेत येशूचं 'पुनरुत्थान' एवढं महत्त्वाचं का?

दरवर्षी मार्च-एप्रिलमधल्या एका शुक्रवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हॅप्पी गुड फ्रायडे'चे मेसेज येऊ लागतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण दिवस चुकलेला असतो. गुड फ्रायडे हा येशूला क्रूसावर खिळे ठोकून मारल्याचा दिवस. वाशी, नेरूळ, पनवेल भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, वेदीवरचं कापडही काढून ठेवलेलं असतं आणि लोक उपास करतात. इथे 'गुड'चा अर्थ आनंदाचा नाही, पवित्र असा आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्याला 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दोन दिवस थांबायचं आणि रविवारी द्यायच्या. तो रविवार म्हणजे ईस्टर, मराठी चर्चच्या भाषेत 'पुनरुत्थानाचा सण'.

बाहेरच्या लोकांना ख्रिसमस मोठा वाटतो, कारण तो दिसतो. तारे, केक, सांताक्लॉज, मॉलमधली झाडं. ईस्टरला असं काही फारसं नसतं आणि तो रविवारीच येत असल्याने वेगळी सुट्टीही पडत नाही. पण ख्रिस्ती धर्माच्या हिशेबात क्रम उलटा आहे. २५ डिसेंबरला ख्रिसमस साजरा झाल्याची सर्वात जुनी नोंद रोममधली आणि इसवी सन ३३६ ची आहे. ईस्टर नेमका कुठल्या दिवशी करायचा यावरून मात्र दुसऱ्या शतकातच चर्चमध्ये वाद सुरू झाले होते. येशूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, बायबलमध्ये आहेत. त्यातल्या दोघांत, मार्क आणि योहान यांच्यात, जन्माची गोष्टच नाही. रिकाम्या कबरीची गोष्ट मात्र चौघांतही आहे.

नेमका दावा काय आहे?

शुक्रवारी मेलेला आणि कबरीत ठेवलेला माणूस रविवारी पहाटे जिवंत उठला, हा तो दावा. मराठी वाचकाला हे ऐकल्यावर ओळखीच्या काही गोष्टी आठवतात, आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

पहिली गोष्ट सावित्रीची. यमाकडून तिने सत्यवानाचे प्राण परत आणले. पण सत्यवान आपल्या जुन्याच आयुष्यात परत आला आणि पुढे कधीतरी त्याला मरण होतंच. बायबलमध्येही अशी गोष्ट आहे. येशूने लाजर नावाच्या मित्राला कबरीतून उठवलं असं योहान सांगतो. लाजरही नंतर म्हातारा होऊन मरणारच होता. येशूचं पुनरुत्थान या प्रकारात बसत नाही, कारण तो पुन्हा कधीच मरणार नाही असं ख्रिस्ती लोक मानतात.

दुसरी गोष्ट पुनर्जन्माची. शब्द जवळचा असल्याने 'पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच ना?' असा प्रश्न हमखास येतो. पुनर्जन्मात देह बदलतो, आत्मा पुढे जातो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच देहानिशी, पण बदललेल्या अवस्थेत उठतो. हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात.

आळंदीची संजीवन समाधी आणि तुकोबांचं सदेह वैकुंठगमन हेही आठवतं. ज्ञानेश्वर १२९६ मध्ये स्वतःहून समाधिस्थ झाले आणि तिथे ते आजही आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तुकोबा मरण न येताच देहासकट गेले असं मानलं जातं. येशूच्या बाबतीत मात्र मरण टळलेलं नाही. ते आलं, आणि तेही सरकारी फाशीसारखं, लोकांसमोर. सदेह वैकुंठगमनाशी जुळणारी घटना ख्रिस्ती परंपरेत आहे, पण ती नंतरची. पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी येशू स्वर्गात गेला असं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येतं.

शुभवर्तमानांतली वर्णनं थोडी विचित्र आहेत. उठलेला येशू बंद दाराच्या खोलीत येतो, ओळखीच्या माणसांना चटकन ओळखू येत नाही. आणि लगेच खायला काही आहे का विचारून भाजलेला मासा खातो. म्हणजे हे भूत नव्हे आणि भासही नव्हे, हे लिहिणाऱ्याला ठासून सांगायचं आहे.

पौलाने सगळंच पणाला लावलं

इसवी सन ५५ च्या सुमारास पौल नावाच्या माणसाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिलं. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, नंतर त्यांचाच प्रचारक झालेला. मेलेली माणसं उठत नसतात, असं करिंथमधले काहीजण म्हणू लागले होते. पौलाने पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्यांना जे उत्तर दिलं, तो या विषयाचा गाभा आहे.

त्याचं म्हणणं साधारण असं: येशू उठलाच नसेल तर आमचा प्रचार पोकळ, तुमची श्रद्धा फुकट, आणि आम्ही देवाबद्दल खोटी साक्ष देणारे ठरतो. तुमच्या पापांची क्षमा झालेली नाही. जे मेले ते कायमचे गेले. आणि मग जगात आमच्याइतके कीव करण्यासारखे दुसरे कोणी नाहीत.

धर्मग्रंथात असा युक्तिवाद सहसा सापडत नाही. येशू उठला नसला तरी त्याची शिकवण चांगली आहे, अशी पळवाट पौल ठेवत नाही. सगळा डोलारा तो एका घटनेवर उभा करतो आणि ती घटना खोटी असेल तर तो पाडायची परवानगीही देऊन टाकतो.

भारतात या पळवाटेला मोठा इतिहास आहे. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशांचं संकलन काढलं आणि त्यातून चमत्कार वगळले. नीती घ्यावी, बाकीचं सोडावं, असा त्यांचा विचार होता. त्यावरून सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन आणि त्यांच्यात मोठा वाद झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूकडे बळीराजाच्या रूपात पाहिलं. गांधीजींना डोंगरावरचं प्रवचन प्रिय होतं. या सगळ्यांना येशूबद्दल मनापासून आदर होता, पण तेवढ्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. येशूला थोर गुरू मानणं आणि तो उठला असं मानणं यातली रेघ पौलाने तेव्हाच आखून ठेवली होती.

गावकुसाबाहेर मारलेला माणूस

पण एक माणूस उठला, तर त्याने इतरांचं काय होतं?

क्रूसावरचं मरण हे नुसतं वेदनादायक नव्हतं, ते लाजिरवाणं होतं. रोमन सत्ता ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची. झाडाला टांगलेला माणूस देवाचा शापित, असं ज्यू धर्मशास्त्रात लिहिलेलं होतं. येशूला शहराच्या वेशीबाहेर नेऊन मारलं गेलं. राज्यकर्त्यांचा आणि धर्मपीठाचा निकाल एकच होता, हा माणूस गुन्हेगार आहे. गोष्ट तिथेच संपली असती, तर तो निकाल कायम राहिला असता. देवाने त्याला उठवलं, म्हणजे देवाने तो निकाल फिरवला, असं पहिल्या ख्रिस्ती लोकांनी मानलं. क्रूसावरचं मरण दुसऱ्यांच्या पापांसाठी होतं, हा ख्रिस्ती सिद्धान्तही याच वळणावर उभा आहे. क्षमेच्या चेकवर सही क्रूसावर झाली आणि तो वटला ईस्टरला, असं म्हणता येईल.

महाराष्ट्रात या मुद्द्याला वेगळी धार येते. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पुढच्या काळात तिथे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. ज्यांची घरंच गावकुसाबाहेर होती, त्यांनी वेशीबाहेर मारल्या गेलेल्या माणसाची गोष्ट ऐकली. त्याला देवाने मान दिला, हे वाक्य त्यांच्या कानी वेगळं पडलं असणार. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातून दलित धर्मचिंतनाची मांडणी केली. तिच्यात भर येशूच्या दुःखावर आणि अपमानावर होता. पण अपमान शेवटचा ठरत नाही हे म्हणायला पुनरुत्थानच लागतं.

पहिलं कणीस

पौल याच पत्रात येशूला 'पहिलं पीक' म्हणतो. हा शब्द मुंबईतल्या ईस्ट इंडियन समाजाला समजावून सांगावा लागत नाही. मराठीच्याच बोली बोलणारा हा मूळचा कॅथलिक समाज. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात 'आगेरा' हा सुगीचा सण असतो. भाताची पहिली कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि त्यांना आशीर्वाद घेतात. शेतं गेली, तिथे इमारती झाल्या, तरी सण टिकून आहे. चर्चमध्ये नेतात ती कणसं मूठभरच, पण त्यांचा अर्थ असा की मागे अख्खं शेत पिकलंय.

पौलाचं म्हणणं हेच आहे. त्या काळच्या ज्यू समाजातला परूशी पंथ मानायचा की जगाच्या अखेरीस सगळे मेलेले एकदम उठतील. सदूकी पंथाला ते मान्यच नव्हतं. पण मधेच, इतिहास चालू असताना, एकटा माणूस आधी उठेल असं कुणीच म्हणत नव्हतं. पौलाच्या लेखी येशू म्हणजे पहिली कणसं, बाकीची माणसं मागचं शेत. म्हणून ख्रिस्ती माणसाला ईस्टर ही फक्त येशूची गोष्ट वाटत नाही. आपली गेलेली आई, आपलं गेलेलं मूल यांचं पुढे काय, याचं उत्तर तो तिथे शोधतो.

रविवारचंही मूळ इथेच आहे. पहिले ख्रिस्ती ज्यू होते आणि ज्यूंचा पवित्र वार शनिवार. ही मंडळी रविवारी जमू लागली, कारण कबर रिकामी दिसली तो रविवार होता. (महाराष्ट्रात रविवारच्या सुट्टीला दुसरीही कहाणी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये ती मिळवली, आणि रविवार हा खंडोबाचा वार हेही त्यामागचं कारण म्हणून सांगितलं जातं.)

ईस्टर आणि पौर्णिमा

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. येशूला मारलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळी, आणि तो सण पौर्णिमेचा. २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा रविवार, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो, आणि बहुतेकदा होळी किंवा हनुमान जयंतीच्या मागोमाग. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये २४ मार्चला होळी पेटली आणि ३१ ला ईस्टर आला.

नवी मुंबईत हा सण एकाच चर्चमध्ये, एकाच भाषेत होत नाही. सिडकोने वसवलेल्या या शहरात नोकरीनिमित्त सगळीकडून लोक आले. त्यामुळे मराठी, कोकणी, मल्याळी, तमीळ, इंग्रजी अशा भाषांत प्रार्थना होतात. केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण हा वेगळा धर्मप्रांतच स्थापन झाला. रोमन पद्धतीच्या चर्चमध्ये शनिवारी रात्री दिवे मालवतात, बाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावून अंधारात आत आणतात, आणि तिच्यावरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात. गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा त्या रात्री वाजतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या रविवारी पहाटे उजाडतानाच उपासनेला जमतात.

मराठीत ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओवीत सांगितली. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि तेही रोमन लिपीत! तुकोबा तेव्हा लहान होते.

पण पुरावा काय?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. येशू नावाचा माणूस होता आणि पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या काळात त्याला मारलं गेलं, हे बहुतेक सगळे इतिहासकार मान्य करतात. रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांच्यावर चिडलेलाच होता, आणि तोही हे नोंदवतो. तो उठला का, याचं उत्तर मात्र इतिहासाच्या साधनांनी देता येत नाही.

श्रद्धाळू अभ्यासक काही गोष्टी पुढे करतात. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली असं चारही शुभवर्तमानं सांगतात. त्या समाजात बायकांच्या साक्षीला फार वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर साक्षीदार पुरुष निवडले असते. येशू आपल्याला दिसला असं सांगणाऱ्यांची यादी पौल देतो, तीही आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असं म्हणून. म्हणजे ती घटनेनंतर थोड्याच वर्षांत तयार झालेली. आणि पकडापकडीच्या रात्री पळून गेलेले शिष्य नंतर त्याच शहरात उघडपणे बोलू लागले.

शंका घेणाऱ्यांचे मुद्देही जुने आहेत. शिष्यांनी प्रेत पळवलं, ही अफवा तर मत्तयानेच नोंदवून ठेवली आहे. दुःखात असलेल्या माणसांना गेलेलं माणूस दिसल्याचा भास होतो, असं काहीजण म्हणतात. चार शुभवर्तमानांतले तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. मार्कच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत तर उठलेला येशू कुणाला दिसतच नाही, घाबरून पळणाऱ्या बायकांवर मजकूर संपतो. विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित रुडॉल्फ बुल्टमान यांनी चर्चमध्ये राहूनच म्हटलं की पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात श्रद्धेचा उदय. बहुसंख्य चर्चना ते पटलं नाही. पौलाला ते पटलं असतं असं वाटत नाही.

शंका घेणारा तर बारा शिष्यांतच होता. थोमा म्हणाला, जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही. गंमत म्हणजे याच थोमाने इसवी सन ५२ मध्ये केरळात ख्रिस्ती धर्म आणला अशी तिथली परंपरा आहे.

आणि ती काश्मीरमधली कबर?

ईस्टरच्या आसपास एक फॉरवर्ड नेमाने येतो: येशू क्रूसावर मेलाच नाही, तो भारतात आला आणि त्याची कबर श्रीनगरला आहे. ही गोष्ट पसरवण्यात मोठा वाटा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांचा. श्रीनगरच्या रोजाबल दर्ग्यातली कबर येशूची, असं त्यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात मांडलं. महाराष्ट्रात बाबाराव सावरकरांच्या 'ख्रिस्तपरिचय' या १९४६ च्या पुस्तकात येशू हा तमीळ हिंदू होता, क्रूसावरून वाचला आणि काश्मीरमध्ये समाधिस्थ झाला, असा दावा आहे. हे पुस्तक मुंबईच्या सावरकर स्मारकाने २०१६ मध्ये पुन्हा काढलं, तेव्हा बातम्याही झाल्या. पहिल्या शतकातला कुठलाही पुरावा यातल्या एकाही दाव्यामागे नाही आणि इतिहासकार ते मानत नाहीत. मुस्लिमांची मुख्य परंपरा वेगळी आहे. येशूला क्रूसावर मारलंच गेलं नाही, अल्लाहने त्याला वर उचलून घेतलं, असं कुराण सांगतं.

या सगळ्या कथनांचा रोख एकाच जागी आहे. येशू मेला नसेल तर तो उठण्याचा प्रश्नच येत नाही.

दफन की दहन?

या श्रद्धेचा रोजच्या जगण्याशी संबंध कुठे येतो, तर कबरीपाशी. इंग्रजीतला 'सेमेटरी' हा शब्दच मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. झोपलेला माणूस उठणार आहे, म्हणून त्याला पुरायचं, असा त्यामागचा भाव. म्हणूनच अनेक शतकं ख्रिस्ती लोकांनी दहन टाळलं.

पण जाळलं तर माणूस उठणार नाही, असं चर्च म्हणत नाही. १७७ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना मारून, त्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली होती, म्हणजे आता बघू कसे उठतात ते! चर्चने त्या सगळ्यांना हुतात्मे मानलं. ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला राखेतून घडवणं अवघड नाही, हे उत्तर तेव्हापासूनचं आहे.

कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. मुंबई महानगरात हा प्रश्न जागेचाही आहे. अनेक चर्चच्या दफनभूमीत काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते आणि आधीच्या माणसाच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. करोनाच्या सुरुवातीला, ३० मार्च २०२० रोजी, मुंबई महापालिकेने धर्म कुठलाही असो, करोनाने मेलेल्या सर्वांचं दहनच करायचा आदेश काढला आणि विरोधानंतर त्याच दिवशी बदलला. त्यानंतर मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानाने दफन होणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

आजचा कॅथलिक नियम असा आहे: दफन पसंत, दहन चालेल. २०१६ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की राख घरात ठेवायची नाही, वाटून घ्यायची नाही, आणि नदीत किंवा समुद्रात सोडायची नाही. ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायची. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यात थोडी सूट मिळाली. धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने राखेचा लहानसा भाग त्या माणसाला जवळच्या असलेल्या एखाद्या जागी ठेवता येतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एकच नियम नाही, तिथे निर्णय बहुतेकदा कुटुंब घेतं.